गल्लीच्या तोंडची जुनिपरं

नोरीन टॅकेट माझी बहीण. धाकटी, सख्खी. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हा माणूस बहिणीची बाजू घेतो. घेतो. घेणारच. हार्कर रिजवर, आमच्या या डोंगरातल्या वस्तीत, तिची बाजू घ्यायला दुसरं होतं कोण?

आमचा बाप झाडं पाडायचा. चर्चच्या मनोऱ्याएवढा पाइन असू दे, बाप जमिनीवर टोपी ठेवायचा आणि झाड त्या टोपीवर आणून पाडायचा. मी त्याचा थोरला. शाळा आठवीत सोडली, लाकूड कापायच्या गिरणीत लागलो आणि गिरणीला कुलूप लागेपर्यंत राहिलो. त्या गिरणीतून दहाच्या दहा बोटं घेऊन बाहेर पडलेला दुसरा माणूस दाखवा, मी त्याला जेवायला घालीन. पण बापाची इंजिनवाली करवत बापाने मला दिली नाही. नोरीनला दिली. म्हणाला, "वेन्डेलला ताकद आहे, हिला राग आहे. करवतीला राग लागतो." तेव्हा मला झोंबलं होतं. आता छाती फुगते.

राग तिचा लहानपणापासूनचा. पुढे तिने स्कूलबस चालवायला घेतली, आणि आमच्या डोंगरातली निम्मी पोरं तिच्या बसमधून मोठी झाली. आरशात बघून तिने एक भुवई वर केली की शेवटच्या बाकावरचं पोरगं तोंडातलं च्युइंगम गिळून टाकायचं. बर्फात, चिखलात, धुक्यात तिची बस कधी रस्त्याच्या खाली उतरली नाही. नवरा केला, नवरा सोडला. वाळक्या गवतात सिगरेटचं थोटूक टाकलं म्हणून सोडला, असं ती सांगते. मी त्या माणसाला ओळखायचो. कारणं आणखी बरीच होती, पण तेवढं एकही पुरेसं होतं.

ती राहायची ग्रूज लेनमध्ये, मीही तिथेच. या गल्लीला तोंड एकच. आत शिरायचं तिथूनच, बाहेर पडायचं तिथूनच. तोंडाशी एका अंगाला उभा खडक, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि मधल्या चिंचोळ्या रस्त्याला अगदी चिकटून मर्ल ग्रॅनबेरीचं घर. मर्लचं घर पेटलं की रस्ता बंद. मग आतल्या घरांनी काय करायचं? दरीत उड्या मारायच्या? नोरीनचं घर मर्लच्या तिरकस समोर, रस्त्यापलीकडे; माझं सगळ्यात शेवटचं. माझा खुबा बदललेला आहे. बाकी सगळं मला जमतं, उडी तेवढी जमायची नाही.

आणि त्या मर्लच्या घराला, रस्त्याच्या बाजूने, भिंतीला टेकून जुनिपरच्या झुडपांची रांग. जुनिपर म्हणजे तेलात भिजवून ठेवलेला बोळा. वरून हिरवागार, आत हात घातलात तर वर्षानुवर्षांचा वाळका भुसा. आणि त्याच्या बुडाशी सालपटं.

सालपटांचं सांगायला पाहिजे. पाइनच्या सालीचे तुकडे. लालसर, वासाला छान, पावलाखाली मऊ. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एका शनिवारी मोठा ट्रक येतो आणि चौकात सालपटांचा डोंगर ओततो. मग सगळी वस्ती एकचाकी गाड्या घेऊन येते, गाड्या भरभरून नेते आणि घराच्या भिंतींना लागून जाड थर पसरते. तण उगवत नाही, घर उठून दिसतं. दुपारी चौकात लांब टेबलं लागतात, मक्याची पोळी, तिखट राजमा, थंड बिअर. ज्याचं अंगण सगळ्यात सुंदर त्याच्या दारावर निळी फीत. ही प्रथा सुरू केली मर्लच्या बायकोने, आर्डिथने. आर्डिथ म्हणजे नोरीनची जिवाभावाची मैत्रीण. दोघी रोज सकाळी एका किटलीतली कॉफी प्यायच्या. जुनिपरंही आर्डिथनेच लावलेली, आणि त्यांचे खड्डे खणले होते नोरीनने. स्वतःच्या हातांनी. तेव्हा कुणाच्या मनात आग नव्हती. तेव्हा जंगल ओलं असायचं.

आर्डिथ गेली आणि मर्ल त्या झुडपांपाशी खुर्ची टाकून बसायला लागला. टायरचं दुकान पोराच्या हवाली केलेलं, काम नाही, वस्तीच्या सोसायटीचा चेअरमन तेवढा झालेला. झुडपांना पाणी घालायचा. कधीकधी त्यांच्याशी बोलायचाही. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं होतं.

मग दरीपलीकडची बेल क्रीकची वस्ती जळाली.

नोरीनला फोन आला की बस घेऊन या, माणसं काढायची आहेत. ती गेली. म्हातारी माणसं, कुत्री, एक पोपट, पंक्चर गाडीवाला एक पाद्री, सगळ्यांना भरून तिने बाहेर आणलं. दोन खेपा केल्या, तिसरीला पोलिसांनी अडवलं. पण तिने त्या दिवशी जे पाहिलं ते असं. आगीची भिंत अजून लांब होती. गल्लीत आग नव्हतीच. वरून नुसते निखारे येत होते, बोटाच्या पेराएवढे. त्यातला एक तिच्या डोळ्यांसमोर एका खिडकीखालच्या सालपटांत जाऊन बसला. अंड्यांवर कोंबडी बसते तसा निवांत. बस भरून ती वळवून येईपर्यंत ते घर खालून पेटलं होतं. आणि आजूबाजूची झाडं? हिरवी. उभी. बघत होती.

त्या दिवसापासून नोरीन गप्प बसायचं विसरली. आधीही तिला ते फारसं येत नव्हतं.

घरी आली आणि आधी स्वतःचं अंगण खरवडलं. भिंतीपासून रस्त्यापर्यंत खडी. एक पान नाही. शेजारची बेव्हर्ली म्हणाली, "नोरीन, तुझ्याकडे आलं की आगगाडी कधी येते असं विचारावंसं वाटतं." नोरीन म्हणाली, "येईल तेव्हा मी फलाटावर असेन, तू रुळावर."

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. नोरीनला काही गुपित ठाऊक होतं असं नाही. अग्निशमनवाल्यांनी वाटलेला रंगीत कागद वस्तीतल्या प्रत्येक फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे. भिंतीपासून पाच फुटांत पेटणारं काही ठेवू नका, बस. चित्र काढून दाखवलंय. मर्लच्याही फ्रिजवर आहे. सगळ्यांना सगळं माहीत होतं. म्हणून तर तिचं डोकं फिरायचं. ज्याला कळत नाही त्याच्यावर ती कधी ओरडली नाही. ज्याला कळतं आणि जो करत नाही, तो समोर आला की तिच्या मानेवरची शीर टम्म फुगायची.

एका वर्षी तिने शेळ्या आणवल्या. उतारावरचं झुडूप शेळ्या फस्त करतात, तारेच्या कुंपणात सोडायच्या आणि विसरायचं. बस चालवता चालवता तिने मेंढपाळ गाठला, सोसायटीच्या मागे लागून परवानगी काढली. शेळ्या आल्या. आणि आमच्या वस्तीने काय केलं? शेळ्यांची नावं ठेवली. सकाळसंध्याकाळ कुंपणापाशी गर्दी. सफरचंदं, गाजरं, बिस्किटं. बेव्हर्ली तर गरम केलेले ओट्स घेऊन जायची. शेळी म्हणजे काही बुद्धू जनावर नाही. घरपोच जेवण मिळतंय म्हटल्यावर काटेरी झुडूप कोण चावणार? सगळ्या शेळ्या कुंपणाला नाक लावून उभ्या, आणि मागचा उतार जसाच्या तसा.

नोरीन तिथे गेली आणि किंचाळली, "अगं, ह्या कामाला आल्यात, पाहुण्या नाहीत!"

"अशी ओरडू नकोस, क्लेमंटाइन घाबरते," बेव्हर्ली म्हणाली.

"क्लेमंटाइन कोण?"

"ती पांढऱ्या कानाची."

सोसायटीच्या बैठकीत मर्लने ठराव मांडला की शेळ्यांचा उपयोग होत नाही, परत पाठवाव्यात. हात वर झाले. नोरीन उठली. त्या दिवशी ती जे बोलली ते सगळं काही मी लिहीत नाही, माझी नातवंडं वाचतील. शेवटचं तेवढं सांगतो. "तुम्ही शेळ्यांना जेवढं खाऊ घातलंत ना, तेवढे कष्ट घेऊन भिंतीपाशी वाकला असतात तर मला शेळ्या आणाव्याच लागल्या नसत्या. तुम्हाला जंगलात राहायचं नाहीये. जंगलाच्या फोटोत राहायचंय."

कुणी टाळी वाजवली नाही. मी वाजवली. एकट्याने, जोरात.

यंदाच्या सालपटांच्या शनिवारी ती एकचाकी गाडी न घेता मर्लच्या दारात गेली. मर्ल जुनिपरांच्या बुडाशी थर पसरत होता, घोट्याएवढा जाड.

"मर्ल, सगळ्या वस्तीचं सोड," ती म्हणाली. तिच्या मानाने हळू. "बाकीच्यांनी काय ते जळून घ्यावं. तू गल्लीच्या तोंडावर बसलायस. ही रांग काढ. एवढी एकच. मी काढते, तू बस खुर्चीत."

"ही आर्डिथची आहेत."

"माहीत आहे. खड्डे मी खणले."

"मग तुला लाज वाटली पाहिजे विचारताना."

"आर्डिथ असती तर तिने स्वतः कापली असती."

"ती नाहीये. म्हणूनच ही आहेत." मर्लने फावडं जमिनीत रोवलं. "वेन्डेलला सांग, भीती वाटत असेल तर खाली शहरात खोली घे म्हणावं."

"वेन्डेलला भीती वाटत नाही." हे तिने बरोबर सांगितलं. "मला वाटते. म्हातारा भाऊ शेवटच्या घरात, खुब्यात लोखंड, आणि तुझी ही झुडपं पेटली तर मी बस घेऊन तोंडाशी उभी राहणार आणि आत जाता येणार नाही. बेल क्रीकला मला तिसरी खेप करू दिली नाही, मर्ल. त्या तिसऱ्या खेपेत कोण येणार होतं तुला ठाऊक आहे?"

मर्लला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यातलं कुणीच वाचलं नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा सालपटं पसरायला लागला.

"तू मेलेल्या बायकोसाठी जिवंत माणसं कोंडतोयस," नोरीन म्हणाली.

"निघ माझ्या जागेतून."

निळी फीत यंदा मर्लच्या दारावर लागली.

उन्हाळा गेला. पाऊस आलाच नाही. ऑक्टोबरात तो पूर्वेचा वारा सुटतो, गरम, कोरडा, माणसाच्या ओठांची साल काढणारा. आगीचा लाल इशारा लागला. शाळा बंद, बस उभी. असा इशारा लागला की वीजवाले तारा तुटून आग लागू नये म्हणून वीजच तोडतात. वीज नाही म्हणजे बोअरचा पंप नाही, पंप नाही म्हणजे नळाला थेंब नाही. आणि मर्ल गेला होता रीनोला, मुलीकडे.

नोरीन सकाळपासून अंगणात येरझाऱ्या घालत होती. समोर ती रांग वाऱ्यावर डोलत होती. प्रत्येक झोताबरोबर तिला वाटायचं, आता ठिणगी येईल. आता. कुठून तरी, कुणाच्या तरी गाडीतून, कुठल्या तरी तारेतून. फ्रिजवर तो कागद, नळाला पाणी नाही, आणि मर्ल तिकडे नातीचा केक खातोय. दुपार होईपर्यंत तिचा संयम संपला. बापाची करवत खांद्यावर टाकली आणि मला फोन केला. "पिकअप घेऊन ये. प्रश्न विचारू नकोस."

मी गेलो. प्रश्न विचारला. "नोरीन, लाल इशारा आहे. आज करवत चालवायची नसते."

"मग कधी चालवू? मर्ल घरी असताना?"

"तो पोलिसात जाईल."

"जाऊ दे. तुरुंगाच्या भिंती दगडी असतात. तिथे सालपटं नसतात."

दोरी ओढली. करवत पहिल्याच झटक्याला सुरू झाली. आमच्या बापाचीच ती.

ती कापत गेली आणि बोलत गेली. आवाजात मला नीट ऐकू येत नव्हतं, पण ओठ दिसत होते, आणि मधे मधे करवत मंद झाली की शब्द यायचे. माझ्याशी नव्हती बोलत. "बघ आर्डिथ, बघ आत काय साठलंय. हे तू ठेवलं असतंस? रागावू नकोस. रागावलीस तर रागाव, मला काय. मला न सांगता गेलीस तेव्हा मी रागावले नव्हते?" डोळ्यांतून पाणी, चेहऱ्यावर भुसा, आणि हात मात्र बापासारखे. एकेक झुडूप बुडातून सरळ. मी फांद्या पिकअपमध्ये भरत होतो. या वयात, या खुब्याने. कुणाला सांगून खरं वाटणार नाही इतक्या भराभर भरत होतो.

कोपऱ्यावरचं शेवटचं एक झुडूप राहिलं. मधे आलेली एक मोठी फांदी ओढायला तिने करवत खाली ठेवली.

बापाने आम्हाला करवतीचं पहिलं काय शिकवलं असेल तर ते हे. तापलेली करवत उघड्या मातीवर ठेवायची. खडकावर ठेवायची. दुसरीकडे कुठेही नाही. आम्ही ते झोपेतही विसरलो नसतो. पण मर्लच्या अंगणात उघडी माती होतीच कुठे? आणि नोरीनच्या डोक्यात त्या वेळी मर्ल होता, करवत नव्हती.

तिने ती सालपटांवर ठेवली.

धूर आधी मला दिसला. बारीक, निळसर, सिगरेटएवढा. मी हाक मारेपर्यंत वाऱ्याने त्याला फुंकर घातली आणि सालपटांतून एक लालसर रेघ सापासारखी भिंतीकडे पळाली. नोरीन वळली. एक क्षण नुसती बघत राहिली. मग नळाकडे धावली, चावी फिरवली. नळ खोकला. हवा आली. पाणी नाही. तिला माहीत होतं येणार नाही, सकाळपासून माहीत होतं, तरी तिने चावी दोनदा फिरवली.

"फावडं!" ती ओरडली. मी फावडं फेकलं. तेवढ्यात ते कोपऱ्यावरचं उरलेलं जुनिपर पेटलं. पेटलं म्हणजे काय, भट्टीचं दार उघडल्यासारखं भस्सकन झालं. एका श्वासात पूर्ण. भिंतीचा रंग फोड आल्यासारखा फुगला, खिडकीची काच तडकली.

धूर वर चढला आणि आतल्या घरांनी तो पाहिला. मग जो गोंधळ झाला तो आयुष्यात विसरणार नाही. सगळ्या गाड्या एकदम तोंडाकडे. माझी पिकअप फांद्यांनी भरलेली, रस्त्यात उभी, जळत्या झुडपापासून दहा पावलांवर. मी ती काढायला धावलो. समोरून बेव्हर्ली, गाडीला मागे घोडा न्यायचा डबा जोडलेला. तिला पुढे येता येईना, मागे जाता येईना. तिच्या मागे भोंगेच भोंगे. मी पिकअप उलटी घेऊन खडकाला घासत वळणाबाहेर काढली. बाजूचा सगळा पत्रा गेला. दुसरा कुणी असता तर दरीत गेला असता.

नोरीन दाताळं घेऊन जळती सालपटं भिंतीपासून ओढत होती. ओढायची आणि रस्त्याच्या खडीवर टाकायची, ओढायची आणि टाकायची. भुवया जळाल्या. बेव्हर्ली गाडी तशीच सोडून उतरली, बर्फाची पेटी उचलून आणली आणि बर्फ, पाणी, बिअरचे डबे, सगळं भिंतीवर ओतलं. मी परत येऊन रस्त्याकडेच्या मातीची ढेकळांवर ढेकळं मारली. झुडूप एकच होतं म्हणून ते जळून खाली बसलं. शेजारी पेटायला दुसरं उरलं नव्हतं. अख्खी रांग उभी असती तर? मी तो विचार पुरा करत नाही.

अग्निशमनची गाडी आली तोवर नुसता धूर उरला होता. त्यांनी पाणी मारलं, करवत उचलून गाडीत टाकली, आणि त्यांचा प्रमुख नोरीनला, तिच्याच बसमधून शाळेत गेलेला माणूस, सगळ्यांसमोर लहान पोरीला रागवावं तसा रागावला. ती खाली मान घालून उभी. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

बेव्हर्ली जवळ आली. तिचेही हात काळे. "आग तू लावलीस?"

"हो."

"आम्हाला वाचवायला?"

"हो."

"बाई, तू आम्हाला वाचवू नकोस गं."

मी मधे पडलो. म्हणालो, बघितलंत ना किती भराभर पेटतं ते, ती हेच ओरडून सांगत होती. खरंच होतं माझं. पण कुणी ऐकलं नाही, आणि नोरीनही म्हणाली, "गप्प बस, वेन्डेल." सगळे आपापल्या घरी गेले. इतकी वर्षं ज्यांना ती शिव्या घालत आली, त्यांच्यातलं आता कुणीच समोर नव्हतं. शिव्या तर तिच्या तोंडात भरलेल्या होत्या. त्या गिळून ती मर्लच्या पायरीवर बसून राहिली.

कुणीतरी मर्लला कळवलं होतं. सूर्य खडकामागे जाता जाता त्याची गाडी आली. तो उतरला. जिथे रांग होती तिथे पांढरी बुडं, आणि पुढे काळी भिंत.

नोरीन उभी राहिली. "झुडपं मी कापली. आग पण मीच लावली. वाऱ्याने नाही, तारेने नाही. तापलेली करवत तुझ्या सालपटांवर ठेवली."

मर्ल एका बुडापाशी वाकला, त्याच्यावर हात ठेवला.

"किती वेळ लागला माहीत आहे?" नोरीनचा आवाज फाटला. "मी एक फांदी ओढून वळले, तेवढा. तेवढाच, मर्ल. मी इथे उभी असताना. जागी असताना. हाताशी फावडं असताना."

"खड्डे तू खणले होतेस," मर्ल म्हणाला. "तिने लिंबाचं सरबत केलं होतं. तू म्हणालीस, साखर कमी आहे."

"कमीच होती."

"निघ."

"मर्ल, ती भिंतीची सालपटं अजून..."

"निघ म्हटलं ना!" असा ओरडला की दरीतून आवाज परत आला. "आता घर पण घेऊन जा! दार घेऊन जा! निघ!"

ती निघाली. मी तिच्या घरी थांबलो. ती जेवली नाही. मी म्हटलं, जे झालं ते झालं, रांग तर गेली ना. ती म्हणाली, "सालपटं आहेत. सगळ्या भिंतींना आहेत. आता तर तो मुद्दाम ठेवील. माझ्या नाकावर टिच्चून ठेवील."

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. वीज आली होती. मी कॉफीला पाणी ठेवत होतो, तेवढ्यात बाहेर खडीवर चाकाची करकर ऐकू आली. मग धप्प असा आवाज. मग पुन्हा करकर, लांब जाणारी.

आम्ही दारात गेलो. मर्ल. कालचेच कपडे, दाढी वाढलेली, समोर एकचाकी गाडी. आपल्या भिंतीची सालपटं खरवडून भरत होता, रस्ता ओलांडून आणत होता आणि नोरीनच्या अंगणात, बरोबर तिच्या गाडीच्या पुढे ओतत होता. गुडघ्याएवढा ढीग झाला होता. आमच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

"अरे ए!" मी पायरी उतरलो. "हा काय तमाशा? माझ्या बहिणीच्या दारात कचरा टाकतोस?"

नोरीनने माझा दंड धरला. तिची बोटं दंडात रुतली. "टाकू दे."

"अगं पण..."

"एक शब्द बोललास तर बघ. टाकू दे. संपेपर्यंत टाकू दे."

ती आत जाऊन बूट घालून आली. नळाला पाणी होतं. तिने पाइप ओढला आणि त्या ढिगावर पाणी मारत उभी राहिली. मर्ल गाडी आणायचा, ओतायचा. ती भिजवायची. तो आणायचा, ओतायचा. ती भिजवायची. दोघांचे चेहरे असे की मधे कुणी सापडला असता तर चिरडला असता. रस्त्याकडची भिंत तळापर्यंत उघडी पडली, खालचं काँक्रीट दिसायला लागलं.

मर्लने गाडी टेकवली, कपाळ पुसलं आणि घराकडे वळला.

"मागच्या बाजूची राहिली!" नोरीन ओरडली.

तो गर्रकन फिरला. "तुझ्या बापाची हमाली करतो का मी?"

"ओट्याखाली पण आहे! कोपऱ्यातली सोडू नकोस!"

"तोंड बंद कर, नोरीन!" मर्ल ओरडला, आणि रिकामी गाडी घेऊन घराच्या मागच्या बाजूला गेला.